पागोळी लागल्याशिवाय नाही

झुल्मावहिनीच्या हातच्या तोर्ता खायच्या असतील तर पाऊस पडावा लागतो, हे आमच्या किरोगा गावात कुणी कुणाला सांगत नाही. सांगायचं काय त्यात? मैदा, मीठ आणि गुरांची चरबी; हाताच्या पंजाएवढी पोळी थापायची, मधोमध बोटानं भोक पाडायचं आणि तळायची. आणि हे सगळं पाऊस लागला की. कोरड्या दिवशी तोर्ता तळणाऱ्या बाईला आमच्याकडे काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, कारण तशी बाई अजून झालेली नाही. म्हणून मी त्या आर्किटेक्ट पोरीला पावसाचं काही बोललो नाही. चूक विल्सनची, म्हणजे माझी, असं सगळं गाव म्हणतं. म्हणू दे. ‘जेवताना तोंड उघडावं लागतं’ हेही मी तिला सांगितलं नव्हतं.

झुल्मा ही माझा थोरला भाऊ रुबेन याची बायको. रुबेन रेल्वेच्या गँगचा मुकादम होता. त्याला धरून नऊ माणसं, त्यातला एक मी. पहारीनं रूळ सरळ करायचे, स्लीपरखाली खडी ठोकायची, उन्हात भाजायचं आणि मुकादमाच्या शिव्या खायच्या, असा एकंदर धंदा. सख्खा भाऊ म्हणून मला शिव्या दुप्पट. भुरभुर पावसाला रुबेन भीक घालायचा नाही. पण पाऊस नीट लागला की पहार हातातून सटकते, पाय घसरतो, मग तोसुद्धा म्हणायचा, चला. आम्ही नऊ जण डोक्यावर पोती घेऊन रुबेन राहायचा त्या स्टेशनघराकडे पळत सुटायचो. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी असायची. एकच वाक्य बोलायची, "काम थांबलं ना? मग बसा." आणि आत चरबी तापलेली असायची.

तिला वेळ कशी कळायची? तर पागोळीवरून. चार थेंब पडले म्हणून ती चूल पेटवायची नाही. इतर बायका आभाळ भरून आलं की पीठ मळायला घेतात, तो त्यांचा प्रश्न. आमच्या वहिनीचा हिशेब असा की थेंब थेंब पावसात रुबेन काम थांबवणार नाही आणि काम थांबल्याशिवाय नऊ माणसं येणार नाहीत, मग तळून गार करायचं कशाला? स्टेशनच्या पत्र्यावरून पागोळ्या सलग लागल्या, मधे खंड पडेनासा झाला, की कढई चढायची. माणशी तीन, एकूण सत्तावीस. कमी नाही, जास्त नाही. रुबेननं एकदा चौथी मागितली तर तिनं झारा असा काही रोखला की मुकादमानं मुकाट्यानं हात मागे घेतला. ते बघायला मिळालं म्हणून मी माझ्या दुप्पट शिव्या माफ केल्या.

बाई पहिल्यापासूनच अशी. लग्न होऊन आली ती गाडीनंच आली. शिवणयंत्र मांडीवर घेऊन बसली होती, आणि उतरली ती फलाट सोडून पलीकडच्या बाजूनं, थेट चरात. चूक कुणाची? रेल्वेची. फलाट चुकीच्या बाजूला बांधला म्हणून ती पन्नास वर्षं रेल्वेला बोल लावत आली. रेडिओवर हवामानाचा अंदाज लागला की ती रेडिओशी भांडायची. रेडिओ म्हणायचा पाऊस, ही म्हणायची छट्. दहातल्या आठ वेळा हिचंच खरं व्हायचं. उरलेल्या दोन वेळा ती म्हणायची, हा पाऊस धरायचा नाही.

पुढे गाडी बंद झाली. गँग पांगली, कुणी खाटीकखान्यात लागला, कुणी मोन्तेविदेओला गेला. रुबेन आणि वहिनी स्टेशनघरातच राहिले, कारण जा म्हणायला कुणी आलंच नाही. रुळांवर गंज चढला आणि मग गाव चढलं. शिंप्यानं रुळांमध्ये कोंबड्यांचं खुराडं घातलं, शाळेच्या बाईंनी भोपळे लावले, म्हाताऱ्यांनी गोळे टाकायच्या खेळाचं मैदान केलं आणि मी, लपवत कशाला, कांदे लावले. चोवीस वर्षं ज्या खडीतलं गवत उपटलं त्याच खडीत मी कांदे लावले. रुबेननं ते पाहून महिनाभर माझ्याशी अबोला धरला.

अकरा वर्षांपूर्वी रुबेन गेला. ऑक्टोबर होता, कोरडा ठणठणीत. पुरताना वहिनीच्या डोळ्यांत टिपूस नाही. बायका कुजबुजल्या की काळीज दगडाचं आहे. आठव्या दिवशी पाऊस आला. मी दाढी करत होतो, अर्धवट टाकली आणि निघालो, का ते मला सांगता येणार नाही. पागोळ्या लागल्या होत्या. टेबलावर सत्तावीस तोर्ता रचलेल्या आणि वहिनी समोर बसून हमसून हमसून रडत होती. मीही रडलो. रडता रडता सात खाल्ल्या. त्या दिवसापासून पाऊस आला की मी जातो.

तर आता मूळ गोष्ट. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या कचेरीतून मिकाएला नावाची आर्किटेक्ट आली. जेमतेम तिशीची, पायात रबरी बूट आणि बोलणं असं की दगडाला पाझर फुटावा. म्हणाली, या मार्गावरचे रूळ काढून चालायची आणि सायकलची वाट करायची आहे. एकवीस किलोमीटर, तीन स्टेशनं, दोन पूल. माझं डोकंच फिरलं. अरे, आम्ही हाडं झिजवून रूळ सरळ ठेवले, ते उचलून तुम्ही तिथं शहरातल्या लोकांना घाम गाळायला आणणार? घाम गाळायला आम्हाला निदान पगार तरी मिळायचा. मी भर सभेत हे बोललो. वहिनी मागच्या बाकावरून म्हणाली की तुझ्या कांद्यापेक्षा सायकल बरी, निदान माणूस दिसेल. सभा हसली आणि माझा विरोध तिथंच आटोपला. शिवाय काम बघायला माहीतगार माणूस हवा होता आणि माहीतगार मीच होतो. खुराडं हललं, भोपळे गेले, कांदे मी रातोरात नव्हे, चांगले दिवसाढवळ्या उपटले. रूळ गेले, जुन्या स्लीपरची बाकं झाली, बारीक खडी पसरली. उतार काढताना मी कामावरच्या पोरांना दोनदा दाखवून दिलं की पाणी कुठून जाणार. दोन्ही वेळा माझंच बरोबर निघालं.

त्याच सुमारास मिकाएलानं मला विचारलं, "विल्सनकाका, किरोगा स्टेशन कशासाठी प्रसिद्ध आहे?" मी म्हटलं, झुल्माच्या तोर्तांसाठी. तिनं लिहून घेतलं. तिनं शिंप्याला विचारलं, त्यानंही तेच सांगितलं. शाळेच्या बाईंनी तर कृती सांगितली. सगळ्या गावानं सांगितलं, आणि ‘पाऊस’ हा शब्द एकाच्याही तोंडून आला नाही. मग एक दिवस रंगीत पुस्तिका छापून आली. त्यात नकाशा, आणि किरोगापुढे लिहिलेलं: झुल्माच्या गरमागरम तोर्ता, दर शनिवार-रविवार.

मी ते वाचलं आणि पहिलं आभाळाकडे बघितलं.

पुस्तिकेबरोबर वहिनीच्या नावाचं पत्रही होतं. सरकारी भाषा असली तरी अर्थ सरळ होता. स्टेशनघर आता वाटसरूंचा थांबा होणार. शनिवार-रविवार गरम खाणं देईल त्याला तिथं राहता येईल. झुल्माबाईंचा हक्क पहिला. उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी तोर्ता करून वाढल्या की घर त्यांच्या नावावर, त्या असेपर्यंत. नाही तर शहरातला ठेकेदार येईल आणि महिनाअखेरीला घर रिकामं करावं लागेल. मिकाएलाचा बिचारीचा हेतू चांगला होता. तिला वाटलं आपण म्हातारीला पक्कं घर मिळवून देतोय, आणि काम काय, तर जे ती रोजच करते ते.

वहिनीनं पत्र दोनदा वाचलं, घडी घालून साखरेच्या डब्याखाली ठेवलं आणि विचारलं, "शनिवारी पाऊस आहे का?"

मी म्हटलं, वहिनी, एप्रिल आहे, सहा आठवडे थेंब नाही, शनिवारी कुठला पाऊस. तर म्हणाली, मग तोर्ता कुठल्या? मी समजावलं. दुसरं काही कर म्हटलं, तर पुस्तिकेत तोर्ता छापल्यात. पाऊस आहे असं समज म्हटलं, तर म्हणाली, तू जेवलास असं समज आणि घरी जा. मी हात टेकले. मग तिची मुलगी ग्रासिएला हिला मोन्तेविदेओला फोन लावला. ती तिथं सहाव्या मजल्यावर राहते. तिनं आईला सांगितलं की हट्ट सोड, नाही तर माझ्याकडे यावं लागेल. वहिनी मागे एकदा तिथं पंधरा दिवस राहून आली होती. परत आल्यावर मला म्हणाली होती की तिथं पाऊस पडला तर टीव्हीवर कळतं. पत्रा नाही, पागोळी नाही, खिडकीची काच तेवढी ओली होते. फोन ठेवल्यावर ती ओट्यावर जाऊन पत्र्याच्या कडेकडे बघत बसली. वहिनी भांडत नसली की मला भीती वाटते. या बाईला घर हवं होतं, जिवापाड हवं होतं. आणि त्यासाठी जे एक करायचं तेच तिला करता येत नव्हतं. आणि हे सगळं माझ्या वाचाळपणामुळे.

तेव्हा मी डोकं चालवलं. नियम काय? पागोळी लागली पाहिजे. पागोळी कुठून आली हे नियमात कुठं आहे? बुधवारी दुपारी ती येर्बाच्या कडू चहानं भरलेली भोपळ्याची वाटी घेऊन नळीनं घुटके घेत ओट्यावर बसली असताना मी मागून शिडी लावली आणि झाडांना पाणी घालायची झारी घेऊन पत्र्यावर चढलो. वय एकाहत्तर, हे लक्षात घ्या. सहा झाऱ्या ओतल्या. पागोळी लागली, तशी छान लागली. वहिनी उठली, हात पुढे करून पागोळी तळहातावर घेतली, आणि वर न बघताच म्हणाली, "विल्सन, खाली उतर. पागोळी आली, पण तू कोरडाच आहेस."

म्हणजे नियमात आणखी एक कलम निघालं. लोक भिजले पाहिजेत. मी चडफडत उतरलो आणि शेवटच्या पायरीवरून घसरलो, त्याबद्दल तिनं फलाटालाच दोष दिला, एवढीच काय ती माया.

शनिवार उजाडला. आभाळ निळंशार, वारा मात्र गार, बोचरा; आमच्याकडे एप्रिलात थंडी सुरू होते. दोनशे सायकली आल्या. जिल्हाप्रमुख आले, बँड आला, फलाटावर फीत बांधली. फलाटाच्या टोकाला इंजिनांना पाणी भरायची जुनी लोखंडी टाकी आहे, उंच पायांवर. शोभेला म्हणून ती रंगवून काठोकाठ भरली होती आणि तिचा तो सोंडेसारखा नळही रंगवला होता. वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसली होती, स्वच्छ ॲप्रन बांधून. पीठ मळून ठेवलं होतं, चरबी कढईत गोठलेली होती. चूल थंड. मिकाएला तिच्याजवळ गेली आणि परत आली तेव्हा पोरीचा चेहरा उतरला होता. मला म्हणाली, "काका, त्या म्हणतात पाऊस नाही. म्हणजे काय?"

आता तिला काय सांगू? मी टाकीकडे बघितलं. माझ्या मनात एवढंच आलं की सोंड फिरवून पत्र्यावर धरावी आणि थोडं पाणी सोडावं. पत्रा निथळेल, मी मधे उभा राहून भिजेन, दोन्ही कलमं भागतील. जिल्हाप्रमुखांचं भाषण सुरू होतं, कुणाचं लक्ष नव्हतं. मी शिडी चढलो. व्हॉल्वचं चाक फिरवायला गेलो तर ते रंगानं पक्कं चिकटलेलं. रंगवणाऱ्या पोरांना मी बजावलं होतं की चाक सोडून रंगवा. मी पान्हा मारला. पुन्हा मारला. तिसऱ्या ठोक्याला चाक फिरलं, भसकन पाणी सुटलं, आणि चाक दांड्यावरून निघून माझ्या हातात आलं. बंद करायची सोय संपली. पाण्याच्या जोरानं सोंड आधी पत्र्यावर गेली, मग वाऱ्यानं वळून कधी फलाटावर, कधी पुन्हा पत्र्यावर येऊ लागली.

मी रेल्वेत चोवीस वर्षं काढली पण एवढं पाणी एका जागी पडताना बघितलं नव्हतं. जिल्हाप्रमुख ‘या वाटेवरून उद्याचा’ एवढं म्हणाले आणि पुढचं पाण्यात गेलं. बँडच्या तुताऱ्या भरल्या. ढोल वाजवणाऱ्यानं ढोल डोक्यावर धरला. दोनशे सायकलवाले, शाळेच्या बाई, शिंपी, मिकाएला, सगळे भिजून चिंब, आणि वरून तो गार वारा. कागद वाहून गेले, फीत कुणी कापायच्या आधी वाहून गेली. सगळी माणसं दात वाजवत स्टेशनघराच्या वळचणीला दाटीवाटीनं उभी राहिली. वर मी, हातात चाक, सगळ्यांना दिसेल असा. मनात म्हटलं, गेलं वहिनीचं घर, आणि मी जाणार तुरुंगात.

आणि पत्र्यावरून पागोळ्या लागल्या. सलग, मधे खंड नाही.

वहिनी खिडकीतून उठली. दारात आली. तिनं पागोळ्यांकडे पाहिलं, मग त्या कुडकुडणाऱ्या माणसांकडे पाहिलं, एकेकाकडे. डोक्यावरून पाणी गळत असलेली, खांदे आक्रसलेली, हात काखेत घातलेली माणसं. किती तरी वर्षांनी तिच्या दारात अशी माणसं उभी होती. कमरेवर हात ठेवून ती जिल्हाप्रमुखांना म्हणाली, "काम थांबलं ना? मग बसा."

आणि चूल पेटली. सत्तावीसवर भागणार नव्हतं, तेव्हा वहिनीनं तो हिशेबही मोडला. पीठ संपलं, शिंप्याच्या बायकोनं आणखी आणलं, शाळेच्या बाई थापायला बसल्या. जिल्हाप्रमुख कुणाच्या तरी चादरीत गुंडाळून चुलीपाशी बसले आणि त्यांनी चौथी मागितली. झारा रोखला गेला. साहेबांनी हात मागे घेतला. मला रुबेनची इतकी आठवण आली की मी शिडीवरच बसून राहिलो, शिवाय खाली यायची हिंमतही नव्हती. टाकी रिकामी व्हायला पाऊण तास लागला. मग मिकाएला शिडीखाली आली, केसांतून पाणी निथळत होतं. वाटलं, आता बोलणी खायची. तर तिनं विचारलं, "काका, तुम्ही मला पावसाचं आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, पोरी, हे काय सांगायचं असतं? ती हसायला लागली ती थांबेचना. घराचा कागद आठवड्यात आला. वहिनीनं तोही साखरेच्या डब्याखाली ठेवला.

आता पुस्तिका नवी छापली आहे. व्हॉल्व मी स्वतः दुरुस्त केला आणि त्याला साखळी लावली. शनिवार-रविवारी सायकलवाले येतात, टाकीखाली रांगेनं उभे राहतात, साखळी ओढतात, किंचाळतात, आणि निथळत दाराशी येतात. कोरड्या माणसाला तोर्ता मिळत नाही. परवा एकजण फक्त केस ओले करून आला. वहिनीनं त्याची पाठ चाचपून पाहिली आणि परत पाठवला. लांबून लांबून लोक भिजायला येतात. शहाणी माणसं, चांगली शिकलेली. मला कळत नाही, पण माझ्या कळण्यावर काही अडलेलं नाही.

खरा पाऊस आला की मात्र वाटेवर चिटपाखरू नसतं. शहरातले लोक पावसात सायकल काढत नाहीत. मी डोक्यावर पोतं घेऊन जातो. टेबलावर सत्तावीस रचलेल्या असतात. वहिनी विचारते, काम थांबलं ना, मी म्हणतो, थांबलं, आणि बसतो. सातवी संपवून मी उठायला लागलो की ती ताट पुढे सरकवते. म्हणते, अजून वीस आहेत, घाई करू नकोस, पाऊस काही आज थांबत नाही.